अराली मास्तरांची पट्टी

नाही उठणार, मावशी. खिडकीच पाहिजे असेल तर मागच्या रांगेत एक रिकामी आहे, ड्रायव्हरच्या मागे एक आहे, पण या सीटवरून मी उठणार नाही… अहो, उद्धटपणा नाही हो हा! फोर्ट पोर्टलकडचा, तोरोत वाढलेला मुलगा आहे मी, समोरच्याचं लाडाचं नाव, एम्पाको, विचारल्याशिवाय आम्ही साधा रामरामसुद्धा करत नाही. तुमचं एम्पाको काय, मावशी? अडेरी? वा, माझ्या आत्याचं तेच! माझं अपूली. झाली ओळख. तर अडेरी मावशी, मी उठत नाही, कारण मी पट्टीवर बसलोय. हो, फूटपट्टीवर. लाकडी. खाली फळी, फळीवर पट्टी, पट्टीवर जाडं पुस्तक आणि पुस्तकावर मी… हसा, सगळे हसा. बस भरल्याशिवाय निघणार नाही, कंडक्टर बाहेर 'फोर्ट पोर्टल, फोर्ट पोर्टल' करून घसा फोडतोय आणि चढतंय कोण, तर एक बाई आणि तिच्या दोन कोंबड्या. वेळ भरपूर आहे. तुम्हीच ऐका आणि तुम्हीच सांगा, यात माझं काय चुकलं?

तुम्हाला सांगतो, ही पट्टी साधी नाही. ही अराली मास्तरांची पट्टी. अराली मास्तर म्हणजे आमच्या शाळेत फिजिक्स शिकवणारे. पांढरा शर्ट, खिशाला चार पेनं, त्यातलं एक चालणारं, आणि तोंडात एकच वाक्य. सकाळी प्रार्थनेनंतर तेच, दुपारी मक्याच्या पिठाचा पोशो आणि घेवडा खाऊन आमचे डोळे मिटायला लागले की तेच. "पोरांनो, जग वाकडं असेल, सरकार वाकडं असेल, पण रेघ सरळ आली पाहिजे!"

आता रेघ कसली, तर प्रयोगाच्या आलेखाची. कारण फिजिक्स म्हटलं की प्रयोग आला आणि प्रयोग म्हटला की प्रयोगशाळा आली, आणि आमच्या शाळेत प्रयोगशाळा आहे बरं का! नाही कशी? पाटी आहे, दार आहे, दाराला कुलूप आहे. किल्ली मुख्याध्यापकांकडे. आत काचेचं कपाट, त्याला दुसरं कुलूप, त्याची किल्ली देवाकडे. शाळा तपासायला वरून कोणी साहेब आले की कपाट उघडायचं, पुसायचं, साहेबांना दाखवायचं, बंद करायचं. आम्ही आतले विजेचे मीटर पाहिलेत, तुम्हाला सांगतो, चर्चमधल्या संतांच्या मूर्ती बघतात तसे, लांबून, हात मागे बांधून!

बाहेर असायची फक्त एक स्प्रिंग. ती माझ्या धाकट्या काकांच्या वेळेपासूनची. तिला इतक्या पोरांनी इतकी वजनं टांगलीत की ती आता ताणली जात नाही, नुसती लोंबते. वजन लावा, काढा, तिला काही देणंघेणं नाही, सरकारी नोकरीत तीस वर्षं काढलेल्या माणसासारखी. आता अशा स्प्रिंगवर प्रयोग करायचा कसा? मी विचारलं की मास्तरांना. मास्तर म्हणाले, "करायचा कशाला? उत्तर माहीत आहे ना?"

आणि मग त्यांनी पद्धत शिकवली. आधी रेघ मारायची. मग रेघेवर ठिपके द्यायचे. मग ठिपक्यांवरून आकडे वाचून तक्त्यात भरायचे आणि सगळ्यात शेवटी वर लिहायचं, 'प्रयोग काळजीपूर्वक केला.' आम्ही पोरं याला शिजवणं म्हणायचो. आणि शिजवण्यात मास्तरांचा हात असा, की विचारू नका… म्हणायचे, "सगळे ठिपके रेघेवर ठेवू नका रे गाढवांनो! दोन बाहेर जाऊ देत. एक जरासा वर, एक जरासा खाली. नाहीतर बोर्डाच्या तपासनीसाला संशय येतो. आपण माणसं आहोत, देव नाही." बघा! खोटं शिकवतानाही विनय शिकवायचे.

बाकी शिकवणं म्हणजे व्याख्या. पन्नास पोरं एका सुरात व्याख्या म्हणतायत, आणि बाहेरून जाणाऱ्या बायकांना वाटायचं आत प्रार्थना चाललीय. एकदा मी हात वर केला. म्हटलं, मास्तर, वीज वाहते म्हणजे नेमकं काय वाहतं? मास्तरांनी चष्मा काढला. "अपूली, हे बोर्ड विचारतं का?" म्हटलं नाही. "मग तू कोण टिकोजीराव विचारणारा? हे तुम्हाला विद्यापीठात शिकवतील." झालं! तुम्हाला सांगतो, त्यानंतर जे जे अवघड आलं ते ते विद्यापीठात गेलं. गणित अवघड झालं, विद्यापीठात. कारण विचारलं, विद्यापीठात. मला वाटायला लागलं, विद्यापीठाला केवढं मोठं गोदाम लागत असेल!

निकाल लागला. मी शाळेत पहिला! प्रयोगाच्या पेपरात तर जिल्ह्यात माझ्यासारखी रेघ कोणाची नव्हती. आईने देवाचे आभार मानायला मोठी मिस्सा ठेवली, बकरा कापला, अख्खी टेकडी जेवायला. अराली मास्तर उठले, ही पट्टी दोन्ही हातांवर धरून पुढे आले, म्हणाले, हिच्यावर माझी किती तरी पोरं विद्यापीठात गेली, यंदाचा मान अपूलीचा, पण पुढच्या परीक्षेआधी परत यायला हवी, कारण पुढचं पोर वाट बघत असतं. आणि फादरांनी काय करावं? पट्टीवर पवित्र पाणी शिंपडलं! तेव्हापासून आई इंजिनियरची आई झाली. मी म्हटलं, आई, मला फिजिक्सला जागा मिळालीय, इंजिनियरिंगला नाही. म्हणाली, "शेजारच्यांना एवढं खोलात कशाला सांगायचं?"

तर आलो कंपालाला. पहिला तास. प्राध्यापक आले, फळाभर काहीतरी वेडंवाकडं गणित लिहिलं आणि वळून म्हणाले, "हे तुम्हाला शाळेत झालंच असेल." मास्तर म्हणाले विद्यापीठात होईल, विद्यापीठ म्हणतं शाळेत झालं, मग ते झालं कुठे? येताना वाटेत रस्त्यावर पडलं? मी शेजाऱ्याकडे बघितलं, शेजारी त्याच्या शेजाऱ्याकडे बघत होता, आणि शेवटी सगळ्यांनी एकदम माना डोलावल्या, "हो सर, झालंय." काय करणार? माना डोलावणं तेवढं शाळेत नीट झालेलं होतं.

पण मी घाबरलो नाही. म्हटलं, गणितात मार खाऊ, प्रयोगात वसूल करू. प्रयोगशाळेला होत्या डॉक्टर नालुकेंगे. बुटक्या, हळू बोलणाऱ्या, आणि माणसाकडे अशा बघतात की आपल्याला आपण न केलेली चोरीही आठवते. पहिल्या गुरुवारी प्रत्येक टेबलावर एक छोटा दिवा, सेल, तारा, दोन मीटर. म्हणाल्या, "विजेचा दाब बदला, प्रवाह मोजा, आलेख काढा." बस! कसं ते नाही, किती ते नाही. आता मीटर माझ्या समोर! काचेशिवाय! मी हात लावला नाही हो, मोडलं तर? आणि लावायची गरज काय? उत्तर माहीत होतं. ओहमचा नियम, सरळ रेघ! काढली पट्टी, मारली रेघ, ठेवले ठिपके, एक वर, एक खाली. सगळ्यांच्या आधी कागद नेऊन दिला आणि मनात म्हटलं, अराली मास्तर, रेघ सरळ आली पाहिजे ना? ही घ्या.

मॅडमनी सगळ्यांचे कागद गोळा केले आणि एका लांब टेबलावर ओळीने मांडले. म्हणाल्या, या, बघा. तुम्हाला सांगतो, गुलूहून आलेली पोरं होती, म्बालेहून आलेली होती, कबालेची होती, कंपालातल्या मोठमोठ्या शाळांतली होती, गाडीतून येणारी… आणि सगळ्यांची रेघ सरळ! आणि सगळ्यांचे दोनच ठिपके चुकलेले! एक वर, एक खाली! अख्ख्या देशात एकच अराली मास्तर आहेत की काय, असं वाटावं. मला तर आतून बरं वाटलं, म्हटलं आपण एकटे नाही. मॅडम हळूच म्हणाल्या, "छान आहे. आता मला सांगा, कोणाचा दिवा पेटला होता?"

दिव्याकडे बघितलं होतं कोणी? मॅडम माझ्या टेबलाशी आल्या, दिवा काढला, कानाशी धरून हलवला. आत तार तुटलेली, खुळखुळ वाजत होती. प्रत्येक टेबलावर उडालेले दिवे! दर वर्षी पहिल्या गुरुवारी त्या मुद्दाम उडालेले दिवे ठेवतात आणि बघतात, कोण येऊन सांगतं, मॅडम, दिवा पेटत नाही. मी म्हटलं, चुकून राहिलं, मॅडम. त्या म्हणाल्या, "मिस्टर बुसिंगे," हे माझं कागदावरचं नाव, "आणि पेटला असता तरी ही रेघ सरळ आली नसती. दिवा तापला की त्याची तार विजेला जास्त अडवते. रेघ वाकते. तुम्ही जो प्रयोग केला नाही, त्याचं उत्तरसुद्धा चुकलंय."

एखादा माणूस चोरी करतो, पकडला जातो, समजू शकतो. पण चोरून आणलेलं सामानही खोटं निघावं? मग मॅडमनी हात पुढे केला. "पट्टी." मी दिली. टेबलाचा कप्पा उघडला, पट्टी आत, कप्पा बंद. म्हणाल्या, पुढच्या गुरुवारी पुन्हा, नुसत्या हाताने. त्यातही शिजवलेलं निघालं तर या विषयात तुमचं नाव राहणार नाही. म्हणजे जागा गेली! आणि इंजिनियरची आई तिकडे चहाच्या मळ्यात बायकांना सांगत असणार की माझ्या अपूलीने आता वीज हातात घेतलीय.

तुम्हाला सांगतो, तो दुसरा गुरुवार मी जन्मात विसरणार नाही. चांगला दिवा, चांगले सेल, आणि मी. पहिल्यांदा तार जोडली, काही नाही. उलटी जोडली, मीटरचा काटा मागे पळाला. तिसऱ्यांदा जोडली आणि तो दिवा पेटला हो! एवढासा दिवा, पण मी खुर्चीवरून उठलो. कोणीतरी माझं ऐकलं असं वाटलं. मग आकडे घेतले, ठिपके ठेवले, आणि ठिपके निघाले तिरके, वर चढता चढता आडवे व्हायला लागले. मॅडमनी आदल्या आठवड्यात सांगितलं होतं, तरी हात ऐकेनात! बोटं आपोआप शेवटचे तीन ठिपके वर ढकलायला निघाली. खरं सांगतो, मी उजव्या हातावर डावा हात ठेवून बसलो. वाकडी रेघ काढली आणि वाकडीच दिली. मॅडमनी बघितली, पास केलं. कौतुक नाही, काही नाही, फक्त म्हणाल्या, "दिवा पेटला वाटतं."

आता इथपर्यंत गोष्ट थांबली असती तर मी आज या सीटवर सुखाने टेकून बसलो असतो. पण नव्याने बाटलेला माणूस जास्त जोरात बांग देतो, तसं झालं. माझी धाकटी बहीण, अब्वोली, त्याच शाळेत, त्याच वर्गात, त्याच अराली मास्तरांच्या हाताखाली, या नोव्हेंबरात बोर्डाला बसणार. माझ्यापेक्षा हुशार आहे, आणि तिला डॉक्टर व्हायचंय, खरीखुरी, शेजाऱ्यांना सांगण्यापुरती नाही. मी तिला फोन केला आणि लागलो की प्रवचन द्यायला! अब्वोली, शिजवू नकोस. जे दिसेल तेच लिही. वाकडं दिसलं तर वाकडं लिही. विज्ञान म्हणजे सत्य. तासभर! पोरगी गुणाची, म्हणाली, बरं दादा.

आणि तिने ऐकलं हो! प्रिलिमला ऐकलं! प्रयोग कोणता आला? स्प्रिंगचा! ती तीच स्प्रिंग, रिटायर झालेली! अब्वोलीने वजन लावलं, बघितलं, आणि प्रामाणिकपणे लिहिलं, 'स्प्रिंग हलत नाही.' दुसरं वजन, 'हलत नाही.' तिसरं वजन, 'थोडी हलली, पण बहुतेक वाऱ्याने.' मास्तरांनी शून्य दिलं. लाल शाईत लिहिलं, 'रेघ सरळ नाही. रेघच नाही.' आणि मुख्याध्यापक म्हणाले, हीच तऱ्हा राहिली तर मुलीला फिजिक्सला बसवणार नाही, शाळेचा निकाल खाली येतो. फिजिक्स गेलं तर डॉक्टरकी गेली.

आईचा फोन आला. मी आयुष्यात आईला एवढ्या हळू आवाजात बोलताना ऐकलं नव्हतं, आणि हळू आवाज म्हणजे काय, हे आई असलेल्याला सांगायला नको. म्हणाली, "अपूली, तू ज्या शिडीवरून वर चढलास, ती बहीण चढत असताना काढून घेतलीस?" मी म्हटलं, आई, ती शिडी खोटी आहे. म्हणाली, "खोट्या शिडीवरून तू खरोखर वर कसा पोचलास मग?" आणि लगेच म्हणाली, मास्तरांची पट्टी घेऊन ये, परीक्षेच्या आधी. मी म्हटलं, पट्ट्या काय, फोर्ट पोर्टलच्या बाजारात ढिगाने मिळतात. तर आई म्हणते, "त्यांच्यावर फादरांनी पाणी शिंपडलंय?"

मागून अब्वोलीने फोन घेतला. रडत नव्हती. रडली असती तर बरं झालं असतं. एवढंच म्हणाली, "दादा, खरं मी तिथे आल्यावर लिहीन. आधी मला तिथे येऊ दे."

म्हणून काल गेलो मॅडमकडे. काय तोंडाने गेलो ते माझं मलाच माहीत. दारातच सगळं सांगून टाकलं. बहीण, स्प्रिंग, शून्य, पाणी, फादर, सगळं. वाटलं, आता या बाई मला सत्यावर एक भाषण देतील आणि मी खाली मान घालून परत जाईन. तर मॅडम म्हणाल्या, "मी बोर्डाला दर वर्षी पत्र लिहिते. तेही दर वर्षी उत्तर देतात, की हे विद्यापीठाने बघावं." आणि टेबलाचा कप्पा ओढला. तुम्हाला सांगतो… कप्पाभर पट्ट्या! लाकडी, प्लास्टिकच्या, पत्र्याच्या, कुणावर शाळेचं नाव, कुणावर येशूचं चित्र. सगळ्या देशाची सरळ रेघ त्या एका कप्प्यात पडली होती. म्हणाल्या, शोध तुझी.

शोधली. अराली मास्तरांचं नाव कोरलेलं आहे मागे. मॅडम म्हणाल्या, "घेऊन जा. पण बहीण इथे आली की पट्टी बरोबर आणायला सांग. पहिल्या गुरुवारी."

मी आभार मानले, बाहेर आलो, पट्टी डोळ्यासमोर धरली, एक डोळा मिटला… आणि वाकडी! कप्प्यात खाली ओल होती, वर सगळ्या देशाचं ओझं, एवढ्या महिन्यांत लाकूड केळ्यासारखं वाकलं! फादरांच्या पाण्यानेही ते अडलं नाही. आता मला सांगा, वाकलेलं लाकूड सरळ कसं करतात? शाळेत विचारलं असतं तर मास्तर म्हणाले असते, बोर्ड विचारत नाही. विद्यापीठात कालच एका सरांना विचारलं, तर म्हणाले, "हे तुम्हाला शाळेत झालंच असेल." शेवटी हॉस्टेलच्या आचाऱ्याने सांगितलं, वजन ठेव. म्हणून बसलोय, मावशी! सकाळपासून बसलोय. परवा अब्वोलीला पुन्हा प्रयोग करायला लावणार आहेत, मुख्याध्यापकांसमोर, त्याच स्प्रिंगवर, आणि त्यावर ठरणार आहे पोरीला बसवायचं की नाही. मास्तर स्वतः ही पट्टी तिच्या हातात देणार.

थांबा, बघू दे जरा, किती सरळ झाली… नाही हो. आहे तशीच आहे. माझ्यात वजनच नाही, हॉस्टेलचं जेवण खाऊन कुठून असणार?

अडेरी मावशी… तुम्हाला खिडकी हवी होती ना? या, या, लाजू नका, ही घ्या माझी सीट, अगदी आरामात बसा, पुस्तकावरच बसा, कोंबड्यावाल्या ताई, तुम्हीही इकडेच सरका, कोंबड्या मी मांडीवर घेतो. फक्त एक विनंती आहे, मावशी. फोर्ट पोर्टल येईपर्यंत उठू नका. रेघ सरळ आली पाहिजे.